डायमंड विरुद्ध डीअर: रबरची प्रेस, एक जुनं समीकरण आणि सात वर्षं लटकलेलं पेटंट

सॉफ्टवेअर पेटंटचा विषय निघाला की कोणीतरी अमेरिकन सुप्रीम कोर्टातल्या १९८१ च्या या केसचं नाव काढतंच, आणि बहुतेक वेळा "अमेरिकेत या केसपासून सॉफ्टवेअरला पेटंट मिळायला लागलं" असं एका वाक्यात उरकून टाकलं जातं. मला हे वाक्य खटकतं. कारण केस होती रबर मोल्डिंगच्या प्रेसची, आणि ती प्रेस बाजूला ठेवून निकाल वाचला तर कोर्ट काय म्हणतंय तेच कळत नाही, नुसतं कोण जिंकलं तेवढं कळतं. म्हणून इथे अख्खं प्रकरण पहिल्यापासून मांडतोय, आधी साच्यात काय होतं ते, मग अर्ज, मग कोर्ट.

आधी साचा समजून घेऊ

रबरचा एखादा अचूक मापाचा पार्ट बनवायचा, समजा ऑइल सील. कच्चं कंपाउंड तापलेल्या साच्यात भरतात, प्रेस बंद करतात, दाब आणि उष्णता देतात आणि आत क्युअरिंग होतं, म्हणजे रबराच्या लांबलांब साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना पक्क्या जोडल्या जातात. आता हे जोडणं किती वेळ चालू द्यायचं यावर सगळं अवलंबून. लवकर प्रेस उघडली तर पार्ट मऊ राहतो, दाबला की परत मूळ आकारात येत नाही, सील म्हणून काही कामाचा नाही. उशिरा उघडली तर कडक, ठिसूळ होतो, वर मशीनचा वेळ वाया गेला तो वेगळाच.

आणि वेळ ठरवायची कशावरून? तापमानावरून. रबरवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की क्युअरिंगचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे साचा १० अंशांनी थंड असेल तर तेवढंच काम व्हायला जवळजवळ दुप्पट वेळ लागणार, एवढा हा मामला नाजूक आहे. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअसने १८८९ मध्ये रासायनिक क्रियेचा वेग आणि तापमान यांचं नातं समीकरणात मांडलं होतं, आणि त्यावर बेतलेलं सूत्र रबरवाले क्युअरिंगचा वेळ काढायला कित्येक वर्षं वापरत होते. या केसमध्ये जे रूप आहे ते असं: लागणाऱ्या एकूण वेळेचा नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे एक स्थिरांक गुणिले साच्याचं तापमान, अधिक दुसरा एक स्थिरांक. पहिला स्थिरांक त्या त्या बॅचचा, रिओमीटरवर (क्युअर होताना रबर किती घट्ट होतंय ते मोजणारं यंत्र) मोजून काढायचा, आणि दुसरा साच्याच्या भूमितीवर अवलंबून. केमिस्ट्री शिकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल की मूळ समीकरणात तापमान केल्व्हिनमध्ये आणि छेदात असतं, इथे ते सरळ रेषेत आणलंय, पण मोल्डिंगच्या छोट्याशा तापमान पट्ट्यात असं सोपं रूप चालून जातं.

मग अडचण काय? सूत्र आहे, स्थिरांक आहेत, वेळ काढा आणि घड्याळ लावा. अडचण अशी की त्या सूत्रात घालायचं तापमान कोणालाच नीट माहीत नसायचं. पार्ट काढायला आणि नवीन माल भरायला प्रेस उघडी ठेवावी लागते, तेवढ्यात साचा थोडा थंड होतो, किती थंड होतो ते ऑपरेटर किती झटपट काम उरकतो यावर, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं. मग कारखान्यात सरळ उपाय काय, तर उघडझाप करायला नेहमीचा जेवढा वेळ लागतो तेवढा धरायचा आणि त्या हिशोबात सगळे पार्ट नक्की क्युअर होतील असा सुरक्षित वेळ आधीच ठरवून ठेवायचा. बरेचसे पार्ट त्यामुळे गरजेपेक्षा जास्त भाजले जायचे, आणि एखाद्या वेळी लोडिंगला जास्तच उशीर झाला तर त्या खेपेचा माल कच्चा निघायचा. यात कोणाचा आळस नव्हता, आतलं कळत नसेल तर माणूस हेच करणार.

डीअर आणि लटन यांनी काय केलं

जेम्स डीअर आणि थिओडोर लटन यांनी ६ ऑगस्ट १९७५ ला अमेरिकन पेटंट ऑफिसकडे अर्ज टाकला. पेटंट पुढे फेडरल-मोगल या कंपनीच्या नावावर निघालं, बेअरिंग आणि सील वगैरे बनवणारी मोठी जुनी कंपनी.

त्यांची पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. बॅचचा आणि साच्याचा स्थिरांक आधीच कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचा. प्रेस बंद झाली की कॉम्प्युटरमधलं घड्याळ सुरू. जिथे रबर बसलंय त्या पोकळीच्या अगदी लगत तापमान सतत मोजायचं आणि ते आकडे सतत कॉम्प्युटरला पाठवत राहायचे. कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने समीकरण नव्याने सोडवतो, म्हणजे "आत्ताच्या तापमानाने एकूण किती वेळ लागेल" हे पुन्हा पुन्हा काढतो आणि प्रेस बंद होऊन झालेल्या वेळेशी ताडून बघतो. दोन्ही आकडे जुळले की प्रेस आपोआप उघडते.

ही शेवटची पायरी, प्रेस आपोआप उघडणं, नीट लक्षात ठेवा. क्लेम म्हणजे नेमकं कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं अर्जातलं वाक्य, आणि क्लेम १ चं शेवटचं कलम तेच आहे आणि माझ्या मते केसचा सगळा भार तिथेच येऊन पडतो. समजा कोणी हेच समीकरण कॉम्प्युटरवर सोडवून नुसता वेळेचा तक्ता छापला असता तर तो या क्लेममध्ये बसत नाही. कोणी तापमान प्रेसच्या बाहेरच्या प्लेटवर कुठेतरी मोजलं तर तोही शब्दशः बसत नाही, कारण क्लेममध्ये पोकळीच्या अगदी लगत असं लिहिलंय. म्हणजे "कॉम्प्युटर वापरून रबर क्युअर करणं" एवढं ढगळ मागितलेलंच नव्हतं. अर्जात एकूण ११ क्लेम होते आणि ते असे पायरीपायरीने बांधलेले होते.

एक्झामिनरने नाही म्हटलं, आणि तेव्हाच्या हिशोबाने ते तसं चूक नव्हतं

एक्झामिनरने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्याने, सगळे क्लेम नाकारले. अमेरिकन पेटंट कायद्याचं कलम १०१ सांगतं की पेटंट कशाला मिळू शकतं: प्रोसेस, मशीन, बनवलेली वस्तू, पदार्थाची रचना. एक्झामिनर म्हणाला, कॉम्प्युटरने करायच्या ज्या पायऱ्या आहेत त्या या कलमात बसत नाहीत, आणि उरलं काय, तर रबर साच्यात भरणं आणि प्रेस बंद करणं, ते तर नेहमीचंच आहे, त्यावर पेटंट कसलं. थोडक्यात, क्लेमचे दोन ढीग केले, एका ढिगात गणित आणि दुसऱ्यात जुनं काम, आणि दोन्ही ढीग वेगवेगळ्या कारणांनी बाद.

हे वाचून एक्झामिनर मुद्दाम आडवा गेला असं वाटेल, पण त्याच्यासमोर सुप्रीम कोर्टाचा १९७२ चा गॉटशाल्क विरुद्ध बेन्सन हा निकाल होता. त्यात बेल लॅब्जच्या दोघांनी बायनरी कोडेड डेसिमल आकडे शुद्ध बायनरीत बदलण्याच्या पद्धतीवर पेटंट मागितलं होतं. कोर्टाने एकमताने नाही सांगितलं, कारण ती पद्धत कुठल्याही एका मशीनशी किंवा कामाशी बांधलेली नव्हती, पेटंट दिलं असतं तर व्यवहारात ते गणितच एकट्याच्या मालकीचं झालं असतं. हा निकाल मला बरोबर वाटतो. पण त्याचा अर्थ पेटंट ऑफिसने फार ताणला, प्रोग्रॅम दिसला की नकार, अशी सवय लागली.

मग १९७८ मध्ये पार्कर विरुद्ध फ्लूक आला. तिथे हायड्रोकार्बनच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्जनमध्ये अलार्मची मर्यादा सतत अपडेट करायची पद्धत होती. प्रोसेसमधला एखादा आकडा मोजायचा, सूत्राने नवीन अलार्म मर्यादा काढायची, जुन्याच्या जागी नवीन लावायची. सहा विरुद्ध तीनने कोर्टाने हेही नाकारलं, निकाल लिहिला जस्टिस स्टीव्हन्स यांनी. फ्लूकच्या अर्जाची खरी कमजोरी वेगळीच होती असं मला वाटतं. सूत्रातले घटक कसे निवडायचे, सुरक्षिततेसाठी किती फरक ठेवायचा, आत कोणती केमिकल प्रोसेस चालू आहे, अलार्म वाजतो कसा, यातलं काहीच त्यात सांगितलेलं नव्हतं. एक आकडा आत गेला, एक आकडा बाहेर आला, संपलं. प्लांटमध्ये त्या आकड्याने पुढे काय बदललं ते क्लेम सांगतच नाही.

डीअरचा अर्ज पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डानेही फेटाळला. मग प्रकरण गेलं कोर्ट ऑफ कस्टम्स अँड पेटंट अपील्समध्ये, आणि तिथे १९७९ ला बाजी पलटली. ते कोर्ट म्हणालं, कॉम्प्युटर गुंतलाय एवढ्यावरून क्लेम बाद होत नाही, इथे मागणी गणिताची नाही, रबर मोल्डिंगच्या सुधारलेल्या प्रोसेसची आहे. पेटंट कमिशनर सिडनी डायमंड सुप्रीम कोर्टात गेले, म्हणून केसच्या नावात पहिलं नाव त्यांचं. बेन्सन आणि फ्लूक दोन्हीत याच खालच्या कोर्टाला सुप्रीम कोर्टाने उलटवलं होतं, त्यामुळे सरकारी बाजूला आपण जिंकू असं वाटणं साहजिक होतं.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली होती. जून १९८० मध्ये, डीअरच्या सुनावणीच्या चारच महिने आधी, सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने आनंद चक्रवर्ती यांच्या तेलाचे घटक पचवणाऱ्या जिवाणूला पेटंट मिळू शकतं असं सांगितलं होतं. विषय जीवशास्त्राचा, पण कलम तेच १०१, आणि कोर्टाचा सूर असा की या कलमाचे शब्द रुंद आहेत, ते रुंदच वाचा. वारा फिरला होता.

३ मार्च १९८१ चा निकाल

पाच विरुद्ध चार. निकाल लिहिला जस्टिस रेनक्विस्ट यांनी. बारकाईने बघितलं तर एक गंमतीची गोष्ट दिसते: फ्लूकच्या वेळी बर्गर, स्टीवर्ट आणि रेनक्विस्ट हे तिघं विरोधात होते, आता तेच तिघं बहुमतात, आणि फ्लूकमध्ये स्टीव्हन्सबरोबर असलेले व्हाइट आणि पॉवेल हे दोघं या वेळी इकडे आले. न्यायाधीश तेच नऊ, तीन वर्षांचं अंतर, दोन मतं सरकली आणि दिशा बदलली.

बहुमताचं म्हणणं पहिल्यांदा वाचताना फार साधं वाटतं. रबर क्युअर करणं म्हणजे कच्च्या मालाचं रूपांतर दुसऱ्या अवस्थेतल्या वस्तूत करणं, आणि पेटंट कायदा अशा औद्योगिक प्रोसेसना पहिल्यापासून संरक्षण देत आलाय, याला आधार म्हणून त्यांनी पिठाच्या प्रोसेसवरची १८७७ ची कॉक्रेन विरुद्ध डीनर केस काढली. अऱ्हेनिअसचं समीकरण एकटं घेतलं तर त्यावर पेटंट नाही, हे कबूल. पण अर्जदार ते समीकरण अडवून बसत नाहीयेत, बाकी सगळ्या पायऱ्यांसोबत ते वापरण्यापुरतंच त्यांना संरक्षण हवंय. बाकी जगाने ते समीकरण शिकवावं, दुसऱ्या कामाला वापरावं, कोणाची हरकत नाही.

त्यानंतर आला तो मुद्दा ज्यामुळे ही केस आजही उकरून काढली जाते. क्लेम अख्खा वाचायचा, जुने भाग आणि नवे भाग असे वेगळे काढून जुने भाग बाजूला टाकायचे नाहीत. सगळे भाग जुने असले तरी त्यांची जुळणी नवी असू शकते. आणि नवीन आहे की नाही, उघड आहे की नाही हे तपासायला कायद्यात वेगळी कलमं आहेत, १०२ आणि १०३, तो प्रश्न १०१ मध्ये घुसवू नका. बरं, पळवाट बंद करायलाही ते विसरले नाहीत: गणित करून शेवटी नावापुरती एखादी किरकोळ कृती चिकटवली म्हणून सूत्राचं पेटंट होत नाही. म्हणजे "सूत्र सोडवा आणि मग उत्तर लिहून ठेवा" असला प्रकार चालणार नाही.

प्रेस उघडणं ही अशी नावापुरती कृती आहे का? माझं उत्तर ठामपणे "नाही" असं आहे. प्रेस उघडणं हाच तर क्युअरिंगचा शेवट, त्या क्षणावर पार्ट चांगला की भंगार ते ठरतं. उत्तराचा आकडा इथे कोणाला वाचायला मिळतच नाही, तो आकडा थेट लोखंड हलवतो. फ्लूकच्या क्लेममध्ये हेच नव्हतं.

स्टीव्हन्स यांची बाजू, जी हलक्यात घेऊ नये

विरोधी मत स्टीव्हन्स यांचं, सोबत ब्रेनन, मार्शल आणि ब्लॅकमन. डीअर केसवर बोलणारे बरेच जण हे मत वाचत नाहीत, आणि हे मोठं नुकसान आहे, कारण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर त्यांचा प्रश्न एकदम टोकदार आहे. ते म्हणतात, या अर्जात नवीन नक्की काय आहे ते दाखवा. साच्यात तापमान मोजायचं साधन नवीन आहे असं कुठे म्हटलेलं नाही. प्रेस बंद झाल्यावर टायमर चालू होणं नवीन नाही. वेळ संपली की प्रेस आपोआप उघडणं नवीन नाही. समीकरण तर फार जुनं. मग उरतं काय, कॉम्प्युटर वापरून वेळेचा हिशोब जास्त चांगला करणं, आणि तो तर हिशोबच झाला. त्यांच्या मते बहुमताने अर्ज चुकीचा वाचला: मोल्डमध्ये तापमान मोजण्याची काहीतरी नवी युक्ती सापडलीय असं त्यांनी गृहीत धरलं, आणि अर्जात तसं काही लिहिलेलंच नाही.

शॉप फ्लोअरच्या बाजूने बघितलं तर यात तथ्य आहेच. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर, तेव्हा जुनी गोष्ट होती. कॉम्प्युटरने थेट प्लांट चालवणंही नवीन नव्हतं, इंग्लंडमध्ये फ्लीटवूडच्या सोडा अ‍ॅश कारखान्यात फेरांटीच्या कॉम्प्युटरने १९६२ मध्येच ते काम सुरू झालं होतं. स्टीव्हन्स यांनी उपायही स्पष्ट सुचवला होता, की प्रोग्रॅमशी निगडित शोधाला पेटंट तेव्हाच द्या जेव्हा त्यात प्रोग्रॅमच्या पलीकडे काहीतरी भर असेल. रेघ सरळ, लावायला सोपी.

तरी मला बहुमत बरोबर वाटतं, आणि का ते सांगतो. स्टीव्हन्स यांच्या पद्धतीने सुटे भाग बघत गेलं तर कंट्रोल इंजिनिअरिंगमधला जवळजवळ कुठलाच शोध उरणार नाही. सेन्सर जुना, व्हॉल्व्ह जुना, मोटर जुनी, गणित पुस्तकातलं. शोध असतो तो जोडणीत: कुठे मोजायचं, किती वेळा मोजायचं, मोजलेल्याचं काय करायचं आणि कशावर कृती करायची. आधी वेळ ठरवून घड्याळ लावणं आणि चालू खेपेतच तापमान बघत बघत वेळ बदलत राहणं, यात पद्धतीचाच फरक आहे, नुसत्या आकडेमोडीच्या वेगाचा नाही. पहिल्या पद्धतीत ऑपरेटरने लोडिंगला उशीर केला तर पार्टला त्याची किंमत मोजावी लागते, दुसऱ्या पद्धतीत थंड झालेला साचा स्वतःच जास्त वेळ मागून घेतो. आणि हे खरंच नवीन नसेल, आधी कोणी केलं असेल, तर त्यासाठी १०२ आणि १०३ आहेतच, तिथे पुरावा आणा, जुनं पेटंट दाखवा, जुना पेपर दाखवा. १०१ मध्ये पुरावा न दाखवता "हे तर नेहमीचंच" म्हणून मोकळं होता येतं, आणि मला धोका तिथे दिसतो.

निकालानंतर अर्ज पेटंट ऑफिसमध्ये परत गेला आणि १० ऑगस्ट १९८२ ला पेटंट निघालं, नंबर ४३,४४,१४२, शीर्षकात रबर मोल्डिंग प्रेसचं थेट डिजिटल नियंत्रण. अर्ज टाकून सात वर्षं आणि चार दिवस. त्या काळच्या नियमाने मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती, त्यामुळे एवढा उशीर होऊनही मुदत कापली गेली नाही. आता मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं मोजतात, त्यात अशा लांबलेल्या भांडणाचा हिशोब वेगळाच होतो.

पुढे या निकालाचं काय झालं

पेटंट ऑफिसचा प्रोग्रॅम दिसला की नकार हा पवित्रा यानंतर सैल झाला, हे खरं आहे. पण सॉफ्टवेअरची दारं सताड उघडली ती नंतरच्या निकालांनी, मुख्यतः १९८२ मध्ये बनलेल्या फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाच्या. १९९८ च्या स्टेट स्ट्रीट केसमध्ये तर म्युच्युअल फंडांचा हिशोब ठेवणारी सिस्टिमही पेटंटला पात्र ठरली, तिथे ना साचा होता ना प्रेस, शेवटी येणारा शेअरचा भाव म्हणजेच उपयोगी परिणाम असं धरलं गेलं. आता हे डीअरच्या नावावर खपवलं जातं, पण डीअरमध्ये जो भाग निर्णायक होता नेमका तोच इथे गायब आहे. आकडा बाहेर आला आणि आकडाच राहिला.

मग सुप्रीम कोर्टाने उलट्या दिशेने ब्रेक लावायला सुरुवात केली. २०१० ला बिल्स्की, २०१२ ला मेयो, २०१४ ला अ‍ॅलिस, तिन्ही निकाल कलम १०१ वरचेच. डीअर कोणीही रद्द केला नाही, उलट प्रत्येक वेळी चांगलं उदाहरण म्हणून पुढे केला. पण मेयोमध्ये जस्टिस ब्रेयर यांनी डीअरचं वाचन असं केलं की त्या पायऱ्या किंवा निदान त्यांची जुळणी नेहमीची, आधीच वापरात असलेली होती असं त्या निकालाने कुठे सुचवलंच नव्हतं, म्हणून तो क्लेम टिकला. मला हे पटत नाही. डीअरने तर उलट सांगितलं होतं की पायरी जुनी की नवी हा प्रश्नच १०१ मध्ये विचारू नका, आणि मेयोने तोच प्रश्न मागच्या दाराने आत आणला. १९८१ मध्ये एका मताने हरलेला स्टीव्हन्स यांचा विचार ३१ वर्षांनी, तोही एकमताने दिलेल्या निकालात, असा थोडासा जिंकून गेला.

याचा परिणाम कुठवर जातो ते अमेरिकन अ‍ॅक्सल विरुद्ध नीपको या केसमध्ये दिसतं, आणि तिथे तर कॉम्प्युटरच नाही, गाडीचा प्रोपेलर शाफ्ट आहे. पोकळ शाफ्टमध्ये लायनर बसवायचा आणि तो असा ट्यून करायचा की दोन प्रकारची कंपनं एकदम कमी होतील. फेडरल सर्किटने एक क्लेम बाद केला, म्हणे हा हूकचा नियम (स्प्रिंगवरचा जोर आणि ताण यांचं नातं) लावा आणि परिणाम मिळवा एवढंच सांगतो. २०२० मध्ये पूर्ण बेंचसमोर फेरसुनावणी घ्यायची का यावर सहा विरुद्ध सहा मतं पडली, बरोबरी, म्हणून फेरसुनावणी नाही. सरकारी वकिलांनी ही केस ऐका अशी शिफारस करूनही सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती घेतली नाही.

शाफ्ट बनवणं हे नैसर्गिक नियम म्हणून बाद व्हावं हे मला चूकच वाटतं, त्यासाठी कायद्यात दुसरी कलमं आहेत, शोध कसा करायचा ते पुरेसं सांगितलं नाही म्हणून नाकारायला कलम ११२ आहे. पण दोन्ही क्लेम शेजारी ठेवले की फरक डोळ्यात भरतो. शाफ्टवाला क्लेम म्हणतो ट्यून करा. कसा, किती, काय बदलून, ते क्लेममध्ये नाही. डीअरचा क्लेम म्हणतो हे आकडे आधी भरा, प्रेस बंद झाल्यावर घड्याळ सुरू करा, पोकळीच्या लगत मोजा, सतत पाठवा, वारंवार सोडवा, वारंवार ताडून बघा, जुळलं की उघडा. नैसर्गिक नियम दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी त्या नियमापासून मशीनपर्यंतची प्रत्येक कडी लिहिलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी मधली कडी वाचणाऱ्यावर सोडलीय, आणि १०१ वर हल्ला करणाऱ्याला नेमकी तीच रिकामी जागा सापडते.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकन पेटंट ऑफिसने एक्झामिनरांसाठी नवीन मार्गदर्शन काढलं, त्यात विचारायला सांगितलंय की क्लेममधलं सूत्र किंवा नियम एखाद्या व्यावहारिक उपयोगात गुंफला गेलाय का, आणि या टप्प्यावर बाकीच्या पायऱ्या नेहमीच्या आहेत का हे बघायचं नाही. हे जवळजवळ रेनक्विस्ट यांचंच म्हणणं झालं. फक्त हे मार्गदर्शन कोर्टांना बांधील नाही, त्यामुळे एक्झामिनरसमोर डीअरच्या आधारे सुटलेला क्लेम पुढे खटल्यात मेयो आणि अ‍ॅलिसच्या चाचणीवर, म्हणजे बाकीच्या पायऱ्या नेहमीच्याच आहेत का या प्रश्नावर, परत अडकू शकतो, आणि तिथे वकिलाला साच्यापासून प्रेस उघडण्यापर्यंतची सगळी कहाणी आपापल्या मशीनच्या भाषेत नव्याने पटवून द्यावी लागते.